हवा आणि पोलाद

बंगळूर शहराच्या दक्षिण टोकाला, होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या अंगाने, इलेक्ट्रॉनिक सिटी नावाची वसाहत पसरलेली आहे. १९७८ साली कर्नाटक राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने कोणप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन खेड्यांच्या ३३२ एकर जमिनीवर तिची स्थापना केली. महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांची ही कल्पना. त्या वेळी ही खेडी शहरापासून लांब वाटत असत. २०१० च्या जानेवारीत तेथवर उंच खांबांवरचा रस्ता आला, आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोची पिवळी मार्गिकाही सुरू झाली. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे अशा गावांहून आलेले अनेक मराठी अभियंते आज या वसाहतीत नोकरी करतात.

या वसाहतीतल्या कचेऱ्यांमधून एक शब्द दिवसातून कित्येकदा कानी पडतो. तो शब्द म्हणजे 'अपग्रेड'. संगणकाच्या आज्ञावलीची एक आवृत्ती मागे पडते, तिच्या जागी पुढची येते, आणि बहुधा पुढची मागचीपेक्षा सरस असते. क्वचित ती सदोष निघाली, तर चार अक्षरे टंकून मागच्या आवृत्तीकडे परतता येते. या व्यवसायात वाढलेल्या माणसाच्या मनात दोन समजुती नकळत घर करतात. एक अशी की, जे नंतर आले ते अधिक चांगले. आणि दुसरी अशी की, कोणताही बदल हवा तेव्हा मागे घेता येतो. कचेरीचे दार ओलांडून हा शब्द घरात शिरतो. दूरध्वनी, मोटार, सोफा यांनाही लागू होतो. त्याच वाटेने तो सायकलीपर्यंत पोचला आहे. तेथे त्याची गाठ अशा एका वस्तूशी पडते की, जिच्यापुढे या दोन्ही समजुती टिकत नाहीत. ती वस्तू म्हणजे स्प्रिंग.

असा एक तरुण डोळ्यांपुढे आणावा. गाव कोल्हापूर, वय पस्तिशीचे, आठवड्याचे पाच दिवस खुर्चीत आणि संगणकापुढे. त्याच्यापाशी डोंगरी सायकल आहे. तिच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही चाकांना धक्के सोसण्याची योजना आहे. मागचे चाक सांगाड्याला सांध्यांनी जोडलेले असून ते १५० मिलिमीटर वर-खाली होऊ शकते. या हालचालीला आवर घालणारे जे नळकांडे सांगाड्याच्या मध्यभागी बसवलेले असते, त्याला सायकलस्वारांच्या बोलीत नुसते 'शॉक' म्हणतात. या तरुणाच्या शॉकमध्ये स्प्रिंग म्हणून दाबलेली हवा आहे. रविवारी पहाटे तो दोन-तीन सोबत्यांसह निघतो आणि सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर पश्चिमेस असलेल्या तुरहळ्ळीच्या रानाकडे जातो. तेथे तांबड्या मातीतून वर आलेल्या अतिप्राचीन खडकांच्या लाद्या आहेत, पावसाने कोरलेल्या घळी आहेत, निलगिरीच्या झाडांची मुळे आहेत. २०२१ साली वनखात्याने या रानात वृक्षउद्यान उभारण्याचा बेत आखला तेव्हा बंगळूरच्या नागरिकांनी त्याला विरोध केला होता, इतके हे रान शहरवासीयांच्या जिव्हाळ्याचे आहे. वनखाते जेवढी मुभा देईल तेवढ्याच वाटांनी तेथे फिरावे, हे ओघानेच आले.

या तरुणाची तक्रार अशी की, उतारावर लहान दगड आणि मुळे लागली की मागचे चाक जमीन सोडते. वळणावर ते थरथरते, पकड सुटते, पायडलावरचा पाय उडतो. एकदा तो पडता पडता वाचलाही आहे. सोबती त्याला एकमुखाने सांगतात, "हवा सोडून दे, कॉइल बसव." कॉइल म्हणजे पोलादी तारेच्या वेटोळ्यांची स्प्रिंग. त्यांच्या मते हेच खरे अपग्रेड. असा शॉक बहुधा परदेशातून येतो, आणि त्याच्या किमतीत रोजच्या वापराच्या तीन-चार साध्या सायकली सहज यावयाच्या. तेव्हा प्रश्न केवळ हौसेचा उरत नाही. त्यात घरखर्चातून वाचवलेला पैसा आहे, आणि वळणावर ज्यांवर भार पडतो ती हाडेही आहेत.

या प्रश्नाचा निवाडा करण्यापूर्वी एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. शॉक या एका नळकांड्यात दोन निरनिराळी कामे चालतात. पहिले काम स्प्रिंगचे. ती स्वाराचा भार तोलते. दाबली असता धक्क्याची शक्ती साठवते आणि मोकळी होताच ती परत करते. दुसरे काम तेलाचे. ते सूक्ष्म छिद्रांतून ढकलले जाते आणि साठलेल्या शक्तीचे उष्णतेत रूपांतर करून टाकते. हे दुसरे काम झाले नाही, तर सायकल चेंडूसारखी उड्या मारीत राहील. टांग्याच्या कमानींवर बसून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना नुसत्या स्प्रिंगचा हा स्वभाव सांगावयास नको. खड्डा मागे गेल्यावरही टांगा डुलत राही. हवा की पोलाद, हा वाद पहिल्या कामापुरता आहे. तेल दोहोंतही असते. मागचे चाक उड्या मारते अशी तक्रार असेल, तर दोष स्प्रिंगचा की तेलाचा, हे आधी पाहिले पाहिजे. रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे असे व्हावयास नको.

आता नव्या-जुन्याचा विचार करू. हवेची स्प्रिंग आणि पोलादाची स्प्रिंग यांत जुनी कोणती? आश्चर्य असे की, दोघींचेही शास्त्र जवळजवळ एकाच प्रयोगशाळेत जन्मले. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील ऑक्सफर्ड येथे रॉबर्ट बॉइल हा धनिक संशोधक हवेचे गुणधर्म तपासत होता. त्याच्या हाताखाली रॉबर्ट हूक नावाचा एक कुशल तरुण होता. बॉइलसाठी हवा उपसण्याचा पंप बनवण्याचे काम या हूकनेच पार पाडले. १६६० साली बॉइलने आपले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा ग्रंथाच्या नावातच त्याने 'हवेची स्प्रिंग' हा शब्दप्रयोग योजला. दोन वर्षांनी, १६६२ साली, त्याने तो सुप्रसिद्ध नियम मांडला: तापमान कायम असता हवेचे आकारमान निम्मे केले की तिचा दाब दुप्पट होतो. हूकने धातूच्या स्प्रिंगचा नियम शोधला आणि १६७६ साली तो अक्षरांच्या कोड्यात दडवून जाहीर केला. त्याची उकल १६७८ साली प्रसिद्ध झाली: जितका ताण तितके बल. म्हणजे जे दोन शॉक आज बंगळूरच्या दुकानात शेजारी शेजारी मांडलेले दिसतात, त्यांतला एक बॉइलचा आणि दुसरा हूकचा. दोघांच्या वयात फार तर पंधरा-सोळा वर्षांचे अंतर. यांतल्या एकाला दुसऱ्याची पुढची आवृत्ती म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास होईल.

सायकलीच्या इतिहासातही क्रम असाच आहे. तेथे तर हवा आधी आली. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेल्या रबरी धावा तयार केल्या, आणि सायकलीला तिची पहिली हवेची स्प्रिंग मिळाली. त्यानंतर कित्येक दशके सायकलस्वाराचे गुडघे, कोपरे आणि हवेचे टायर हीच धक्के सोसण्याची मुख्य योजना होती. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियात, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या उतारावर, काही हौशी तरुणांनी जुन्या जाडजूड सायकलींची शर्यत लावली. उतार इतका तीव्र होता की, मागच्या चाकाच्या ब्रेकमधले वंगण जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. 'पुन्हा भरणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच त्या उताराला 'रीपॅक' हे नाव पडले. डोंगरी सायकलीच्या क्रीडेचा आरंभ सामान्यतः येथून धरतात. त्या सायकलींना शॉक नव्हते. १९८९ साली पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स यांनी 'रॉकशॉक्स' ही संस्था काढून पुढच्या चाकाचे धक्के सोसणारा काटा विक्रीस आणला, आणि पुढच्या दशकात मागच्या चाकालाही शॉक मिळाला. १९९६ साली ही शर्यत ऑलिंपिकमध्ये गेली. २०२३ च्या ऑक्टोबरात केरळातील पोनमुडी येथे आशियाई डोंगरी सायकल स्पर्धा भरल्या, तेव्हा हा खेळ भारतीयांच्या दाराशी आला.

हवेची स्प्रिंग चालते कशी? एका बंद नळीत दट्ट्या सरकतो आणि पुढची हवा आकुंचन पावते. या नळीतला दाब दर चौरस इंचाला साधारण १५० ते २५० पौंड असतो. मोटारीच्या चाकात तो ३०-३५ पौंडांच्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी. बॉइलचा नियम सांगतो की, आकारमान निम्मे झाले तर दाब दुप्पट. पण तो नियम सावकाश दाबण्यासाठी आहे. सायकल दगडावर आदळते तेव्हा हवा क्षणात दाबली जाते, आतली उष्णता बाहेर जाण्यास अवधी मिळत नाही, आणि दाब दुपटीऐवजी २.६ पट होतो. आकारमान एक तृतीयांश झाले तर तो ४.६ पटींच्याही वर जातो. म्हणजे हवेची स्प्रिंग शेवटाकडे झपाट्याने ताठ होते. मोठ्या उडीनंतर शॉकचा तळ गाठला जाऊ नये यासाठी हा तिचा गुण फार उपयोगी पडतो. शिवाय ती हलकी असते. आणि सर्वांत सोयीची गोष्ट अशी की, हातपंपाचे चार दट्टे मारले की ती अधिक ताठ होते, झडप दाबून थोडी हवा सोडली की नरम होते. स्वार बदलो, पिशवीचे ओझे बदलो, हवा जुळवून घेते.

या गुणांची किंमतही हवा वसूल करते. एवढा दाब कोंडून ठेवायचा म्हणजे दट्ट्याभोवतीच्या रबरी कड्या घट्ट बसल्या पाहिजेत, आणि घट्ट बसलेली कडी घासते. म्हणून अगदी लहान धक्का आला, तर शॉक हलण्यापूर्वी क्षणभर अडतो. मोठ्या दगडाला तो दाद देतो, लहान मुळाला देत नाही. कारखानदारांनी दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूस उलट दाबाची हवा ठेवून हा दोष पुष्कळ कमी केला आहे. तरी तो निःशेष गेलेला नाही. दुसरा दोष उष्णतेचा. लांब उतारावर तेल आणि हवा तापतात. आतली हवा २७ अंशांवरून ५७ अंशांवर गेली, तर तिचा दाब सुमारे एक दशांशाने वाढतो. माथ्यावर बेताचा असलेला शॉक पायथ्याशी ताठ वाटू लागतो. तिसरी गोष्ट निगेची. तांबडी धूळ आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातला बंगळूरचा पाऊस या रबरी कड्यांचे शत्रू आहेत. निरनिराळे कारखानदार पन्नास ते सव्वाशे तासांच्या वापरानंतर हवेची नळी उघडून साफ करण्यास व कड्या बदलण्यास सांगतात. किती स्वार ते ऐकतात, हा प्रश्न निराळा.

पोलादाचे वर्तन याहून वेगळे आहे. स्प्रिंग दाबली जाते असे दिसते. प्रत्यक्षात तिची तार पिळली जाते. वेटोळ्यांच्या प्रत्येक इंचात हा पीळ सारखा वाटला जातो. तारेच्या जाडीचा परिणाम विलक्षण असतो: जाडी पाच टक्क्यांनी वाढवली, तर ताठपणा एकवीस टक्क्यांहून अधिक वाढतो, कारण तो जाडीच्या चतुर्थ घातावर अवलंबून असतो. पण एकदा तार वळवून झाली की, तिचा ताठपणा कायमचा ठरला. पहिला मिलिमीटर दाबण्यास जेवढे अधिक बल लागते, तेवढेच शेवटच्या मिलिमीटरासही. दाब कोंडण्याचा प्रश्न नसल्याने घर्षण अत्यल्प, म्हणून लहानशा मुळालाही चाक तत्काळ प्रतिसाद देते आणि जमिनीला चिकटून राहते. उतार दोन मिनिटांचा असो की अर्ध्या तासाचा, उन्हाने पोलाद नरम होत नाही की ताठ होत नाही. या एकनिष्ठेवरच स्वार लुब्ध होतात. तिचे मोल म्हणजे साधारण अर्धा किलो जादा वजन, आणि शेवटच्या टप्प्यात मदतीस न येणारा स्वभाव.

येथे तरुणाच्या प्रश्नाला खरी सुरुवात होते. जाणत्या मेकॅनिककडे तो जातो, तेव्हा मेकॅनिक शॉकचे नावही काढीत नाही. तो विचारतो, "सर, वजन किती तुमचं? हेल्मेट, बूट, पाणी, पिशवी सगळं धरून सांगा." तरुण जो आकडा सांगतो तो बहुधा गेल्या वर्षीचा आणि सकाळी अनशेपोटी घेतलेला असतो. हवेच्या शॉकला ही अप्रामाणिकता चालून जाते. चुकले तर पंप आहेच. पोलादाला ती चालत नाही.

हिशेब साधा आहे. समजा, सर्व सामानासह स्वार आणि शॉकवर तोललेला सायकलीचा भाग मिळून ८५ किलो भार आहे. त्यातला सुमारे ६० टक्के, म्हणजे ५१ किलो, मागच्या चाकावर येतो. चाक १५० मिलिमीटर हलते तेव्हा शॉक ६० मिलिमीटर दबतो, म्हणून तरफेच्या नियमाने शॉकवर भार अडीच पट, म्हणजे १२७ किलोंच्या घरात पडतो. स्वार नुसता उभा राहिला की शॉक आपल्या चालीच्या तीस टक्के, म्हणजे १८ मिलिमीटर दबलेला असावा, असा सर्वमान्य दंडक आहे. चाक खड्ड्यात खाली उतरू शकावे, यासाठी ही सोय. १२७ ला १८ ने भागले की दर मिलिमीटरला सुमारे ७ किलो येतात. बाजारच्या मापात सांगावयाचे तर इंचाला सुमारे ४०० पौंड. स्प्रिंगा बहुधा २५ किंवा ५० पौंडांच्या टप्प्यांनी मिळतात. आता स्वाराने आपले पाच किलोंचे सामान सांगायचे विसरले, तर उत्तर ४०० ऐवजी ३७५ येते. म्हणजे पाच किलोंची विस्मृती आणि एका क्रमांकाची चूक. स्प्रिंगच्या टोकाशी असलेली आट्यांची कडी आवळून ही चूक झाकता येईल, असे काहींना वाटते. ती कडी आवळल्याने सायकल थोडी उंच उभी राहते एवढेच. ताठपणा तसूभरही बदलत नाही. चूक सुधारायची तर दुसरी स्प्रिंग विकत घ्यावी लागते.

मेकॅनिकचा दुसरा प्रश्न सायकलीच्या सांगाड्याविषयी असतो, आणि तो पहिल्याहून महत्त्वाचा आहे. वरच्या हिशेबात तरफेचे प्रमाण सबंध चालीत अडीच धरले. प्रत्यक्षात सांध्यांच्या रचनेनुसार ते बदलत जाते. काही सांगाड्यांत ते आरंभी तीन असते आणि शेवटी २.३ वर उतरते. म्हणजे चाक जसजसे वर येईल तसतशी शॉकला दाबण्याची त्याची ताकद कमी होते आणि सांगाडाच शेवटचा ताठपणा पुरवतो. अशा सायकलीवर पोलादी स्प्रिंग शोभते. हा उतार निदान वीस टक्क्यांच्या आसपास असावा, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. दुसऱ्या काही सांगाड्यांत तो जवळजवळ नसतोच. कारण शेवटचा ताठपणा हवेकडून मिळणार हे आरेखन करणाऱ्याने गृहीत धरलेले असते. अशा सांगाड्यावर पोलाद बसवले, तर मोठ्या उडीत शॉक तळाला आदळतो, आणि तो धक्का अखेर सांगाड्याला व स्वाराच्या पाठीला बसतो. आणखी काही सायकलींत शॉक एका लांब दुव्याने जोडलेला असतो. तेथे कडेच्या बाजूने येणारा ताण कॉइल शॉकच्या दांड्याला सोसवत नाही; दांडा वाकतो, प्रसंगी तुटतो. म्हणून आपल्या सांगाड्यावर कॉइल चालते की नाही, हे सांगाड्याच्या निर्मात्याला विचारणे हाच सुज्ञपणा. शॉक विकणाऱ्याला, किंवा ज्यांचा सांगाडा वेगळा आहे अशा सोबत्यांना, ते ठाऊक असणे कठीण.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्याचे उत्तर यंत्रात सापडत नाही. सायकल चालते कोठे, आणि कशासाठी? तुरहळ्ळीचा उतार काही मिनिटांत संपतो. तेवढ्यात शॉक तापण्याची भीती थोडी. तेथे उष्णतेच्या नावाने हवेला दोष देणे न्यायाचे होणार नाही. सोमवार ते शुक्रवार तीच सायकल कचेरीला नेत असतील, पाठीवर संगणकाची पिशवी असेल, रस्त्याच्या गतिरोधकांवरून जावयाचे असेल, चढावर दमछाक होत असेल, तर अर्धा किलो जादा पोलाद रोज वाहण्यात स्वारस्य नाही. उलट निलगिरीच्या किंवा हिमालयाच्या लांब, खडकाळ उतारांवर वर्षातून अनेकदा जाणे होत असेल, वजन स्थिर असेल, आणि पंप घेऊन दाब मोजीत बसण्याचा कंटाळा असेल, तर पोलाद त्याचे सोने करील. ज्याचे जगणे बदलते त्याला हवा बरी, आणि ज्याला आपली वाट ठाऊक आहे त्याला पोलाद, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

आता त्या तरुणाची मूळ तक्रार. मागचे चाक लहान दगडांवर थरथरते, ही हवेच्या शॉकची खरी दुबळी बाजू आहे, यात शंका नाही. पण तीच लक्षणे आणखी तीन कारणांनी उद्भवतात. शॉकमध्ये गरजेपेक्षा अधिक हवा भरलेली असणे, हे पहिले. रबरी कड्या दोन पावसाळे न बदलल्यामुळे कोरड्या पडून अडकणे, हे दुसरे. आणि टायरमध्येच हवा जास्त असणे, हे तिसरे, ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. यांतली पहिली आणि तिसरी चूक एका दाबमापकाने, फुकट, दहा मिनिटांत सुधारता येते. दुसरीला नव्या शॉकच्या किमतीचा अगदी लहानसा अंश पुरतो. एवढे करून पाहिल्यावाचून नवा शॉक बसवणारा स्वार सुखी होतो हे खरे. परंतु ते सुख पोलादाचे की नव्या कड्यांचे आणि ताज्या तेलाचे, हे त्याला कधीच कळत नाही. जुना, दुर्लक्षित हवेचा शॉक आणि नवा, नीट जुळवलेला पोलादी शॉक यांची तुलना म्हणजे आजारी मल्लाशी निरोगी मल्लाची कुस्ती लावण्यासारखे आहे. कोल्हापूरच्या माणसाला अशा कुस्तीचा निकाल मोलाचा वाटणार नाही.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम आहे तो शॉक साफ करून घ्यावा, कड्या बदलाव्या, सर्व सामानासह उभे राहून तो १८ मिलिमीटर दबतो का ते पाहावे, आणि टायरची हवा बेताची करावी. मग चार रविवार तीच वाट तुडवावी. तक्रार गेली, तर पैसा वाचला. अर्धी राहिली, तर ती राहिलेली अर्धी मात्र खरोखर स्प्रिंगची आहे, असे खात्रीने म्हणता येईल. सांगाडा पोलादाला अनुकूल असेल, आणि स्वाराने आपले वजन स्वतःशी प्रामाणिकपणे मोजले असेल, तर कॉइल अवश्य बसवावी. पैसा सत्कारणी लागेल. आणि हवेचा शॉक विकून न टाकता कापडात गुंडाळून कपाटात ठेवावा. लोखंडाच्या जगात एका आज्ञेने मागे फिरता येत नाही. चार बोल्ट सोडून फिरता येते, पण त्यासाठी जुनी वस्तू जवळ असावी लागते.

एक गोष्ट मात्र कॉइल बसवणाऱ्याच्या ध्यानात राहावी. त्याने हवेचा त्याग केला असे होत नाही. दोन्ही चाकांत डनलॉपची हवा आहेच, आणि जमिनीचा पहिला धक्का तीच झेलते. पोलादाची पाळी नंतर येते. ऑक्सफर्डच्या एकाच प्रयोगशाळेतले ते दोघे, हवा मोजणारा बॉइल आणि तार पिळणारा हूक, तुरहळ्ळीच्या उतारावर अजूनही बरोबरच काम करीत असतात. त्यांतल्या कोणाकडे किती काम सोपवावे, हे बाजाराने किंवा सोबत्यांनी ठरवण्याजोगे नाही. ज्याच्या पायांखाली ती सायकल आहे, त्याने आपली वाट, आपले ओझे आणि आपली सवय पाहून ते ठरवावयाचे आहे. या ठरवण्याला 'अपग्रेड' हा शब्द फार तोकडा पडतो. मराठीत त्याला निवड म्हणतात, आणि निवड करणाराला आधी स्वतःला तोलून पाहावे लागते.